मेंदूच्या थरांचा भूमापक

मेंदूवरील शस्त्रक्रियेचे टिपण असो, मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक असो किंवा एम.आर.आय. यंत्राच्या साहाय्याने केलेल्या संशोधनाचा अहवाल असो, त्यात एक जर्मन आडनाव आणि त्याच्यापुढे एक आकडा हटकून आढळतो. ब्रोडमान क्षेत्र ४, ब्रोडमान क्षेत्र १७, ब्रोडमान क्षेत्र ४४. शंभराहून अधिक वर्षे एखाद्याचे नाव जगभरच्या वैद्यकात असे रोजच्या वापरात राहावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. परंतु नाव इतके परिचित आणि माणूस इतका अपरिचित, असेही फार थोड्यांच्या बाबतीत घडले असेल. कोर्बिनियन ब्रोडमान यांना अवघे ४९ वर्षांचे आयुष्य लाभले. ज्या कामामुळे त्यांचे नाव टिकले त्या कामाच्या बळावर बर्लिनच्या विद्यापीठात शिकवण्याचा अधिकारसुद्धा त्यांना मिळू शकला नाही, आणि मनासारखी जागा मिळाली तेव्हा आयुष्याचे जेमतेम काही महिने उरले होते. त्याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, आज जो तो त्यांचे आकडे वापरतो, पण ते आकडे ज्यावरून ठरले ते मेंदूतील पेशींचे थर मात्र बहुतेकांच्या नजरेआड झाले आहेत.

दक्षिण जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराच्या परिसरात लिगर्सडोर्फ नावाचे खेडे आहे. तेथे एका शेतकरी कुटुंबात १७ नोव्हेंबर १८६८ रोजी ब्रोडमान यांचा जन्म झाला. उबरलिंगेन, सिग्मारिंगेन आणि कॉन्स्टन्स येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले. १८८९ पासून त्यांनी म्यूनिक, व्युर्त्सबुर्ग, बर्लिन आणि फ्रायबुर्ग अशा चार विद्यापीठांतून वैद्यकाचा अभ्यास केला. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांत अशी विद्यापीठे बदलत शिकण्याचा प्रघातच होता. १८९५ मध्ये त्यांना वैद्यक व्यवसायाचा परवाना मिळाला. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ मुलखात जाऊन साधा दवाखाना थाटावा, एवढाच त्यांचा बेत होता. मोठे संशोधक होण्याची ईर्षा त्यांच्या ठिकाणी तेव्हा असल्याचे दिसत नाही.

हा बेत मोडला तो घटसर्पामुळे. १८९६ मध्ये त्यांना घटसर्प झाला आणि त्यातून उठल्यावर हवापालटासाठी ते फिश्टेल पर्वतातील अलेक्झांडर्सबाड या गावी गेले. तेथील मज्जाविकारांच्या रुग्णालयात साहाय्यकाची जागा होती, ती त्यांनी पत्करली. रुग्णालयाचे प्रमुख होते ओस्कार फोग्ट. वयाने ते ब्रोडमान यांच्यापेक्षा दीड वर्षाने लहानच होते. पण हा तरुण मोठा महत्त्वाकांक्षी होता. संमोहनविद्येपासून मेंदूच्या शरीररचनेपर्यंत सर्व वाटांनी जाऊन मनाच्या व्यापारांचा उगम मेंदूत शोधावयाचा, हे त्यांचे स्वप्न होते. ब्रोडमान त्या स्वप्नाच्या कक्षेत ओढले गेले ते कायमचेच. १८९८ मध्ये त्यांनी लाइप्झिग येथे डॉक्टरेट मिळवली, येना येथे ओटो बिन्सवांगर यांच्या मनोरुग्णालयात काम केले आणि १९०० मध्ये ते फ्रँकफुर्टच्या नगरपालिकेच्या मनोरुग्णालयात दाखल झाले. तेथे आलोइस अल्झायमर होते. स्मृतिभ्रंशाच्या ज्या विकाराला पुढे त्यांचे नाव मिळाले, त्याचा शोध अजून लागावयाचा होता. पण मनोरुग्णाचा मृत्यू झाल्यावर त्याचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह तेव्हाही होता. त्यांच्या सहवासात ब्रोडमान यांचे मन रोगी मेंदूपेक्षा निरोगी मेंदूच्या घडणीकडे वळले. १९०१ च्या शरद ऋतूत ते बर्लिनला फोग्ट यांच्याकडे आले. तोपर्यंत फोग्ट यांनी तेथे स्वतःची खाजगी प्रयोगशाळा उभारली होती आणि सेसिल या फ्रेंच विदुषीशी त्यांचा विवाहही झाला होता. कामाची वाटणी सरळ होती. मेंदूच्या बाह्यकातील मज्जातंतूंचे जाळे फोग्ट दांपत्याने तपासावयाचे आणि पेशींची रचना ब्रोडमान यांनी.

बाह्यक म्हणजे मोठ्या मेंदूचे अगदी वरचे, करड्या रंगाचे आवरण. त्याची जाडी सरासरी २.५ मिलिमीटर भरते. ते कवटीच्या आत मावावे म्हणून अक्रोडाच्या गरासारखे वळ्यावळ्यांनी मुडपलेले असते, आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. या पातळ आवरणात सुमारे १,६०० कोटी मज्जापेशी असतात, अशी आजची मोजणी आहे. त्या कशाही विखुरलेल्या नसून थरांनी मांडलेल्या असतात, याची चाहूल ब्रोडमान यांच्या पूर्वीच लागली होती. इटलीत पार्मा येथे फ्रान्चेस्को जेन्नारी या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १७७६ मध्ये गोठवलेला मेंदू कापला असता मागच्या भागातील करड्या पट्ट्यात एक पांढरी रेघ त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसली होती. १८४० मध्ये फ्रान्समध्ये बायार्जे यांनी बाह्यकाचा पातळ काप दोन काचांमध्ये धरून उजेडासमोर नेला, तेव्हा आळीपाळीने येणारे काळपट आणि पांढरट असे सहा पट्टे त्यांना मोजता आले. पुढे व्हिएन्नाच्या मायनर्ट यांनी बाह्यकाच्या निरनिराळ्या भागांतील पेशींची मांडणी निरनिराळी असते हे दाखवले. १८७४ मध्ये कीव्ह येथे बेत्स यांनी मेंदूच्या मध्य खाचेच्या पुढील वळीत अवाढव्य आकाराच्या पेशी शोधून काढल्या. या सर्वांनी मेंदूच्या मुलखातली एकेक गावे पाहिली होती. सगळ्या मुलखाची मोजणी मात्र व्हावयाची होती.

ती होण्यासाठी योग्य साधन लागते. कामिलो गोल्जी यांची चांदीच्या क्षारांची पद्धत १८७३ पासून उपलब्ध होती. सांतियागो रामोन इ काहाल यांनी तिच्याच आधारे मज्जापेशींची अप्रतिम चित्रे काढली आणि १९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी व काहाल या दोघांना विभागून मिळाले. या पद्धतीची गंमत अशी की, शेकडो पेशींपैकी एखादीच रंगते. पण जी रंगते ती शेंड्यापासून मुळापर्यंत, सगळ्या फांद्यांसह. झाड पाहावयाचे तर याहून उत्तम साधन नाही. ब्रोडमान यांना मात्र अरण्य पाहावयाचे होते. त्यांना उपयोगी पडली ती फ्रान्झ निस्ल यांची पद्धत. निस्ल यांनी १८८४ मध्ये म्यूनिक येथे विद्यार्थिदशेतच शोधलेले हे रंजन फांद्या दाखवत नाही, पण प्रत्येक पेशीचे शरीर रंगवते. कोठे पेशी दाट, कोठे विरळ, कोठे लहान, कोठे मोठ्या, हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळते.

काम सांगावयास सोपे, करावयास जीवघेणे. मेंदू कडक करावयाचा, त्याचे ठोकळे पॅराफिन मेणात बसवावयाचे, साधारण शतांश मिलिमीटर जाडीचे काप एकामागून एक काढावयाचे, ते क्रमाने काचेवर चढवून रंगवावयाचे आणि मग थर कोठे जाड होतो, कोठे विरतो, कोठे दुभंगतो हे प्रत्येक कापावर पाहत जावयाचे. एक मेंदू संपला की दुसरा. माणसाचा झाला की माकडाचा, लेमूरचा, फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाचा, सशाचा, साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉगचा. फोग्ट यांच्या नियतकालिकाच्या संपादनाचे कामही ब्रोडमान यांच्याकडेच होते. या कामात बुद्धीची चमक दाखवण्याला फारशी जागा नाही; नजर आणि चिकाटी यांचीच कसोटी लागते. शास्त्राच्या इतिहासात अशा कामाची नोंद बहुधा तळटिपेत होते.

बाह्यकाच्या कापात बाहेरून आत जाताना काय दिसते ते आधी पाहिले पाहिजे. पहिला थर जवळजवळ ओसाड असतो. त्यात पेशी तुरळक आणि तंतूंचीच गर्दी अधिक. दुसऱ्यात बारीक पेशींची दाटी असते. तिसऱ्यात पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी लागतात आणि खाली जावे तशा त्या मोठ्या होत जातात. चौथा पुन्हा बारीक, कणांसारख्या पेशींचा. पाचव्यात सर्वांत मोठे पिरॅमिड असतात. सहाव्यात नाना आकारांच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि त्याच्या खाली पांढऱ्या तंतूंचा प्रदेश सुरू होतो. ब्रोडमान यांच्या आधी कोणी पाच थर मोजत, कोणी सात, तर काहाल यांच्यासारखे थोर निरीक्षक भागाभागाप्रमाणे थरांची संख्याच निराळी मानीत. ब्रोडमान यांचे म्हणणे असे की, सस्तन प्राण्यांच्या बाह्यकाच्या बहुतेक भागांचा मूळ आराखडा सहा थरांचाच आहे आणि जे वेगळे दिसते ते या आराखड्यातील फेरफारामुळे. याला पुरावा म्हणून त्यांनी सहा ते आठ महिन्यांच्या मानवी गर्भाचा मेंदू तपासला. प्रौढ माणसाच्या ज्या भागात चौथा थर दिसतच नाही, त्या भागातही गर्भावस्थेत तो स्पष्ट असतो आणि पुढे विरून जातो, हे त्यांनी दाखवले. उलट दृष्टीच्या भागात हाच चौथा थर इतका वाढतो की त्याचे तीन पदर पडतात. जेन्नारी यांना दिसलेली पांढरी रेघ त्यांपैकी मधल्या पदरातली. एक आराखडा मानला की विस्कळीत दिसणारी निरीक्षणे जागच्या जागी बसतात, आणि ससा व माणूस यांच्या मेंदूची तुलनाही करता येते. ब्रोडमान यांचे खरे योगदान कोणते असे विचारले तर नकाशाच्या आधी या आराखड्याचे नाव घ्यावयास हवे.

हे थर नुसती शोभा नव्हेत, हे पुढच्या पिढ्यांनी सिद्ध केले. डोळा, कान, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश थॅलॅमस या आतील केंद्रातून निघून मुख्यतः चौथ्या थरात पोहोचतात. दुसऱ्या व तिसऱ्या थरांतील पेशी बाह्यकाच्या एका भागाचा दुसऱ्या भागाशी पत्रव्यवहार ठेवतात. पाचव्या थरातून मेंदूच्या तळाकडे आणि मज्जारज्जूकडे हुकूम सुटतात, तर सहावा थर थॅलॅमसला उलट टपाल पाठवतो. म्हणजे चौथा थर जाड असलेला भाग हा मुख्यत्वे आवक स्वीकारणारा आणि पाचवा थर भरभक्कम पण चौथा नाहीसा झालेला भाग हा जावक विभाग, असे स्थूलमानाने म्हणता येते. थरांची बांधणी होते तीही उफराटी. पहिला थर सोडला तर आतले थर आधी बसतात आणि नंतर जन्मलेल्या पेशी त्यांच्यामधून वाट काढीत वरचे मजले चढवतात. उंदरांवरील प्रयोगांतून हे १९६१ मध्ये स्पष्ट झाले.

ब्रोडमान यांच्या निरीक्षणाला किती धार होती हे त्यांच्या १९०३ च्या पहिल्याच निबंधावरून कळते. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांवर मध्यभागी वरून खाली उतरणारी एक खोल खाच असते. १८७० मध्ये फ्रिच आणि हिट्सिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन पाय हलवून दाखवला, तेव्हापासून हालचालींचे केंद्र शोधण्याची अहमहमिका लागली होती. हे केंद्र खाचेच्या पुढील आणि मागील अशा दोन्ही वळ्यांवर पसरलेले आहे, अशी प्रचलित समजूत होती. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रुनबाउम आणि शेरिंग्टन यांनी मानवसदृश वानरांवर प्रयोग करून ते फक्त पुढच्या वळीवर असल्याचे सांगितले. विजेचा स्पर्शही न करता, केवळ काचेवरचे काप पाहून ब्रोडमान नेमक्या याच निष्कर्षाला आले. खाचेच्या पुढच्या भिंतीत चौथा थर नाही आणि पाचव्यात बेत्स यांच्या राक्षसी पेशी आहेत; मागच्या भिंतीत राक्षसी पेशी नाहीत आणि चौथा थर ठळक आहे. हा बदल हळूहळू होत नाही. खाचेच्या तळाशी थोडक्या अंतरात एक रचना संपते आणि दुसरी सुरू होते. पुढचे क्षेत्र ४, मागचे क्षेत्र ३. रचनेची सीमा आणि कार्याची सीमा एकच निघाली. दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या पद्धतींनी, एकमेकांचे काम पुरे करणारे हे उत्तर मिळाले तेव्हा उरलेल्या सबंध बाह्यकाची अशीच मोजणी करण्यास बळ आले असल्यास नवल नाही.

१९०३ ते १९०८ या काळात ब्रोडमान यांचे सात निबंध प्रसिद्ध झाले आणि १९०९ मध्ये लाइप्झिग येथून त्यांचा मुख्य ग्रंथ बाहेर पडला. बाह्यकाच्या पेशीरचनेवर आधारलेल्या तौलनिक क्षेत्रविभागणीचा हा ग्रंथ. त्यात माणसाच्या मेंदूची दोन रेखाचित्रे आहेत, एक बाहेरच्या बाजूचे आणि एक आतल्या बाजूचे. टिंबे, रेघा, फुल्या अशा चिन्हांनी भरलेली आणि आकडे टाकलेली. क्रमांक ५२ पर्यंत जातात. पण मधले काही, उदाहरणार्थ १३ ते १६, माणसाच्या नकाशात नाहीतच. इतर प्राण्यांत आढळणाऱ्या क्षेत्रांसाठी ते वापरलेले आहेत. पुष्कळ विद्यार्थी या आकड्यांत काही चढती भाजणी शोधतात. तसे काही नाही. कचेरीत टपालावर आवक क्रमांक पडतो तो टपाल येईल त्या क्रमाने, मजकुराच्या महत्त्वाप्रमाणे नव्हे. ब्रोडमान यांनीही आपल्या अभ्यासात क्षेत्रे जशी येत गेली तसे क्रमांक दिले. क्षेत्र १, २, ३ मध्य खाचेच्या मागे का आणि दृष्टीचे क्षेत्र एकदम १७ का, याचे कारण इतके साधे आहे.

याच सुमारास लिव्हरपूलजवळच्या एका मनोरुग्णालयात आल्फ्रेड वॉल्टर कॅम्बेल हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर असाच उद्योग करीत होते. त्यांचा ग्रंथ १९०५ मध्ये, म्हणजे ब्रोडमान यांच्या चार वर्षे आधी निघाला, आणि कित्येक जाणकार तो अधिक सखोल मानतात. कारण त्यात पेशी आणि तंतू या दोहोंचा विचार होता. तरीही जग वापरते ते ब्रोडमान यांचे आकडे. आकडे सुटसुटीत असतात आणि त्यांना भाषांतर लागत नाही, हेच याचे कारण असावे. गुणवत्तेपेक्षा सोय पुष्कळदा वरचढ ठरते ती अशी.

इतके काम हाती असताना बर्लिनच्या वैद्यक विद्याशाखेने त्यांना काय दिले? जर्मन पद्धतीत विद्यापीठात अध्यापन करावयाचे तर डॉक्टरेटनंतर आणखी एक प्रबंध मान्य करून घ्यावा लागतो. ब्रोडमान यांनी लेमूर वर्गातील प्राण्यांच्या बाह्यकावर असा प्रबंध सादर केला. विद्याशाखेने तो नाकारला. फोग्ट यांची प्रयोगशाळा १९०२ पासून नावाने विद्यापीठाशी जोडलेली असली तरी विद्यापीठातील प्रस्थापितांना ती नेहमीच परकी वाटत आली होती, आणि त्याचा चटका त्यांच्या साहाय्यकाला बसला असे मानण्यास जागा आहे. नाकारणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, असे म्हणून समाधान मानण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ज्याला नाकारले जाते त्याला हे समाधान उपयोगी पडत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, अविवाहित, घरची फारशी मालमत्ता नसलेल्या एका माणसापुढे उद्याची मीठभाकर कशी चालावयाची हा प्रश्न होता.

१९१० मध्ये ते बर्लिन सोडून ट्युबिंगेनला रोबर्ट गाउप यांच्या मनोरुग्णालयात गेले. तेथे त्यांची कदर झाली. अध्यापनाचा अधिकार मिळाला, शरीररचनेच्या प्रयोगशाळेची व्यवस्था हाती आली आणि १९१३ मध्ये प्राध्यापक ही पदवी मिळाली. याच वर्षांत त्यांनी मेंदूच्या पुढच्या भागाचे मोजमाप केले. बाह्यकाच्या एकंदर पृष्ठभागापैकी कपाळामागचे क्षेत्र माणसात २९ टक्के, चिंपांझीत १७ टक्के आणि मांजरात ३.५ टक्के, असे त्यांचे आकडे होते. हे आकडे पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. अलीकडे स्कॅनच्या साहाय्याने झालेल्या मोजण्यांनी माणूस आणि इतर मोठे वानर यांच्यातील हे अंतर इतके आहे का याविषयी शंका घेतल्या आहेत. वाद पुष्कळसा पुढचा भाग म्हणजे नेमके काय धरावयाचे यावर अडलेला आहे. ब्रोडमान यांनी तो ठरवला होता पेशींच्या थरांवरून; नंतरच्या अनेकांनी ठरवला खाचांवरून. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली लांबी जुळावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि संशोधन मागे पडले. युद्धाच्या धामधुमीतच १९१६ मध्ये ब्रोडमान हाले शहराजवळच्या निट्लेबेन येथील मनोरुग्णालयात शवविच्छेदन विभागाचे काम पाहू लागले. तेथेच मार्गारेट फ्रांके यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि एप्रिल १९१७ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. नेमके याच वेळी म्यूनिकमध्ये एमिल क्रेपलिन यांनी मनोविकारांच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था उभी केली होती. ज्यांच्या रंजनपद्धतीवर ब्रोडमान यांचे सारे काम उभे होते ते निस्लही तेथे येणार होते. ब्रोडमान यांना एका विभागाचे प्रमुखपद देऊ करण्यात आले. बिऱ्हाड म्यूनिकला हलले. शिष्यांना शिकवण्याची जबाबदारी नाही, रुग्णांची ये-जा नाही, हवे ते साहित्य हाताशी, शेजारी तोलामोलाचे सहकारी. ज्या जागेची वाट त्यांनी सतरा वर्षे पाहिली ती हीच होती. काही महिन्यांतच संसर्ग होऊन रक्तात जंतुविष भिनले आणि २२ ऑगस्ट १९१८ रोजी ते वारले. मागे पत्नी आणि वर्षाच्या आतली मुलगी राहिली. वर्षभराने निस्लही गेले.

यानंतर नकाशाचे स्वतंत्र आयुष्य सुरू झाले. १९२५ मध्ये व्हिएन्नात फोन इकोनोमो आणि कोस्किनास यांनी अधिक तपशीलवार नकाशा काढला; पण आकड्यांऐवजी त्यांनी अक्षरांची किचकट नावे योजली आणि ती रूढ झाली नाहीत. फोग्ट दांपत्याने तंतूंच्या आधारे सुमारे २०० क्षेत्रे सांगितली. क्षेत्रांची संख्या अशी वाढू लागल्यावर प्रतिक्रियाही उमटली. १९४६ मध्ये अमेरिकेत लॅशली आणि क्लार्क यांनी आक्षेप घेतला की, या सीमा पुष्कळदा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतात, मेंदूत नव्हे. तो सर्वस्वी निराधार नव्हता. ब्रोडमान यांच्या ग्रंथातही कित्येक क्षेत्रांचे वर्णन त्रोटक आहे आणि सीमा कोणत्या कसोटीवर ठरवली याचा प्रत्येक ठिकाणी खुलासा नाही. शिवाय सपाट कागदावरच्या रेखाचित्रात खाचांच्या आत दडलेले दोन तृतीयांश बाह्यक दाखवताच येत नाही.

तथापि नकाशाचे खरे हाल केले ते त्याच्या टीकाकारांनी नव्हे, तर त्याच्या भक्तांनी. १९८८ मध्ये तालेराश आणि तुर्नू यांनी शस्त्रक्रियेसाठी मेंदूचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात एका मेंदूच्या चित्रांवर ब्रोडमान यांचे क्रमांक अंदाजाने, मूळ रेखाचित्राकडे पाहून घातले होते. त्या मेंदूचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले नव्हते. पुढे स्कॅनची यंत्रे सर्वत्र आली आणि संगणक हेच क्रमांक झटपट पुरवू लागले. जिवंत माणसाच्या मेंदूत कोठे तरी रक्तप्रवाह वाढलेला दिसला की त्या जागी ब्रोडमान क्षेत्र अमुक असा शेरा पडू लागला. ज्या थरांवरून क्षेत्र ठरावयाचे ते साध्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. शिवाय माणसामाणसांत क्षेत्रांचा आकार बदलतो. एकट्या क्षेत्र १७ चा विस्तार एका व्यक्तीत दुसरीच्या दुपटीइतका असू शकतो. वाचेशी निगडित असलेल्या ४४ आणि ४५ या क्षेत्रांच्या सीमा प्रत्येक मेंदूत खाचांना धरूनच असतील असे नाही, हे दहा मेंदूंच्या कापांची मोजणी करून १९९९ मध्ये जर्मनीतच दाखवण्यात आले. सातबाऱ्यावरचा नंबर बरोबर असला म्हणून बांध जागेवर आहे असे ठरत नाही; त्यासाठी शेतात उतरून मोजणी करावी लागते.

ब्रोडमान यांनी स्वतः हा सावधपणा राखला होता. स्मृती, इच्छा, बुद्धी यांना एकेका क्षेत्रात कोंडून ठेवण्याच्या कल्पनेला त्यांनी आपल्या ग्रंथात विरोध केला आहे. अशा गुंतागुंतीच्या व्यापारांत अनेक क्षेत्रे एकाच वेळी सहभागी असतात, अशी त्यांची भूमिका होती. ती फारशी वाचली गेली नाही, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. त्यांच्या ग्रंथाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद लॉरेन्स गॅरी यांनी केला तो १९९४ मध्ये, म्हणजे ८५ वर्षांनी. तोपर्यंत जर्मन न जाणणाऱ्या बहुसंख्य डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी त्या ग्रंथातील दोन चित्रे पाहिली होती, ग्रंथ नव्हे.

२०१६ मध्ये २१० तरुण स्त्रीपुरुषांच्या स्कॅनवरून अमेरिकेतील संशोधकांनी प्रत्येक अर्धगोलाची १८० क्षेत्रे पाडली. थरांकडे परतण्याचे कामही समांतर चालू राहिले आहे. २०१३ मध्ये जर्मनी आणि कॅनडा येथील संशोधकांनी एका ६५ वर्षांच्या स्त्रीच्या सबंध मेंदूची संगणकीय प्रतिमा प्रसिद्ध केली. त्यासाठी तो मेंदू पॅराफिन मेणात बसवून त्याचे प्रत्येकी ५० व्या भाग मिलिमीटर जाडीचे ७,४०४ काप काढले, ते एकेक करून काचेवर चढवले आणि सर्व पेशींची शरीरे दिसतील अशा रीतीने रंगवले. थर मोजण्यास आता संगणक आहे आणि सीमा कोठे बदलते हे गणिताने ठरते. क्षेत्र ४ आणि क्षेत्र ३ यांच्यामधली रेषा मात्र १९०३ मध्ये होती तेथेच, मध्य खाचेच्या तळाशी सापडते.